बिल्ल्यामागची भोकं

जर्मन सम्राटाच्या काळातलं चामड्याचं अणीदार शिरस्त्राण, ज्याला तिथे पिकेलहाउब म्हणतात, हातात आलं की बहुतेकांची नजर समोरच्या बिल्ल्यावर जाते. त्यावरचा गरुड, सिंह किंवा तारा पाहून ते कुठल्या राज्याचं हे ठरतं, आणि बाजारात किंमतही तिथेच ठरते. मी शिरस्त्राण आधी उताणं करतो. आतलं अस्तर बोटाने अलगद वर उचलतो आणि बिल्ला ज्या भोकांतून आत येऊन अडकलाय ती भोकं बघतो. समोरची बाजू त्यानंतर.

ही सवय मला एका शिरस्त्राणामुळे लागली. त्याची ओळख पटवण्याचं काम कसं झालं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण या वस्तूंबद्दल मराठीत मला फारसं वाचायला मिळालेलं नाही.

मी मूळचा पुण्याचा. पत्रा प्रेसखाली दाबून आकार देणाऱ्या डाय बनवणं हा माझा व्यवसाय. आधी चाकणला होतो, आता बरीच वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ लुडविग्सबुर्गमध्ये आहे. जुन्या लष्करी बिल्ल्यांकडे मी ओढला गेलो तो याच धंद्यामुळे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पातळ पितळी पत्र्यावर गरुडाचं पीस न् पीस उठेल अशी डाय कोरणारा कारागीर कोण असेल, हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो रास्टाटच्या राजवाड्यातल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात. तिथून बाजारात, बाजारातून एका जुन्या संग्राहकाकडे असा माझा प्रवास झाला. हे गृहस्थ माझ्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठे. शिकवायची त्यांची पद्धत अशी की, वस्तू हातात द्यायची आणि गप्प बसायचं.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांच्या यजमानांच्या आजोबांचं शिरस्त्राण माळ्यावर खोक्यात होतं. घर लहान करायचं ठरलं तेव्हा त्यांनी ते खाली काढलं आणि मला बोलावलं. “हे विकायचं, मुलांना द्यायचं की संग्रहालयात, ते मग बघू,” त्या म्हणाल्या, “आधी हे कुणाचं ते मला कळू दे. घरात सगळे म्हणायचे की ते एकशे एकवीसमध्ये होते.”

लुडविग्सबुर्गमध्ये १२१ हा आकडा उच्चारला की अर्थ उघड असतो. पायदळाची ‘आल्ट-व्युर्टेंबर्ग’ क्रमांक १२१ ही रेजिमेंट याच गावची. व्युर्टेंबर्ग हे तेव्हा स्वतंत्र राजा असलेलं राज्य होतं. १८७०च्या करारानुसार त्याचं सैन्य जर्मन सैन्याची तेरावी कोर, म्हणजे अनेक रेजिमेंटांचं मोठं दल, म्हणून जोडलं गेलं, आणि तिथल्या पायदळाला ११९पासून पुढचे क्रमांक मिळाले. ११९ आणि १२५ स्टुटगार्टला, १२० आणि १२३ उल्मला, १२२ हाइलब्रोनला, १२४ वाइनगार्टनला. आजींच्या शिरस्त्राणावर मात्र प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याचा गरुड होता.

तो चुकीचा का वाटला ते सांगायला हवं. १८४२मध्ये प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने हे शिरस्त्राण आपल्या सैन्याला दिलं आणि पुढच्या काळात एकेका जर्मन राज्याने ते उचललं. व्युर्टेंबर्गने १८७१मध्ये, बव्हेरियाने तर १८८६पर्यंत वाट पाहून. साचा प्रशियाचा, पण कपाळावरचं चिन्ह ज्याचं त्याचं. प्रशियाच्या साध्या पायदळाच्या गरुडाच्या छातीवर ‘एफ आर’ ही फ्रीडरिश राजाची आद्याक्षरं असतात आणि पंखांवरून जाणाऱ्या फितीवर ‘देवाच्या साथीने, राजा आणि पितृभूमीसाठी’ अशा अर्थाचं जर्मन वाक्य. गार्ड पलटणींच्या गरुडावर तारा बसवलेला असतो. बव्हेरियाच्या बिल्ल्यावर दोन सिंहांनी धरलेली ढाल आणि ‘इन ट्रॉये फेस्ट’, म्हणजे निष्ठेत अढळ. बाडेनचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेला प्राणी. हेसेनचा एकटा सिंह. सॅक्सनीचा आठ टोकांचा तारा आणि त्यावर वेगळ्या धातूत बसवलेली ढाल. आणि व्युर्टेंबर्गच्या बिल्ल्यावर मुकुटाखाली ढाल, ढालीत एका बाजूला हरणाची तीन शिंगं, दुसऱ्या बाजूला तीन सिंह, ढालीला धरून एकीकडे सिंह आणि दुसरीकडे हरिण, आणि खालच्या फितीवर ‘फुर्श्टलोस उंट ट्रेव’: निर्भय आणि एकनिष्ठ. तेव्हा व्युर्टेंबर्गच्या शिपायाच्या कपाळावर प्रशियाचा गरुड असायचं काहीच कारण नाही. एक तर घरची आठवण चुकीची असेल, किंवा बिल्ला.

बिल्ला खोटा म्हणावा, तर तसंही दिसेना. मी तो भिंगाखाली धरला. माझ्या धंद्यातली माणसं पत्र्याचं काम बघितल्यावर दोन गोष्टी आधी तपासतात: कडा आणि मागची बाजू. डायमध्ये ठोकलेल्या पातळ पत्र्याच्या मागे पुढच्या नक्षीची उलटी प्रत पोकळ उमटते. पुढे पीस उंच तर मागे तितकीच खोल खाच. ओतीव नकलेच्या मागे रवाळ, भरलेला धातू असतो. नव्या डायवर दाबलेल्या नकलाही असतात, पण त्यांच्या पिसांच्या कडा गोलसर होतात, अक्षरांचे कोपरे विरघळल्यासारखे दिसतात, कारण डाय मूळ रेखाटनावरून कोरलेली नसते, एखाद्या झिजलेल्या बिल्ल्याच्या साच्यावरून घेतलेली असते. या नकलांपैकी कितीतरी आज भारतात बनतात. नाटक-सिनेमावाले आणि जुन्या लढाया पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक त्या विकत घेतात, आणि त्या कामात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही. उलट चांगलं हातकाम दिसलं की मला आपल्या माणसांचं कौतुक वाटतं. राग येतो तो तीच वस्तू आम्लात बुचकळून, मातीत पुरून, ‘आजोबांच्या माळ्यावरची’ म्हणून विकणाऱ्याचा.

हा गरुड जुनाच होता. पीस तीक्ष्ण, मागे स्वच्छ उलटा उठाव, कपाऱ्यांत वर्षानुवर्षं साचलेला कळक. आजींनी तो कधी घासला नव्हता हे मोठं नशीब. पितळ दिसलं की पीतांबरी घेऊन बसायचं हे आपल्या हाडात मुरलंय, पण या वस्तूंच्या बाबतीत तो हात आवरायचा. कळक गेला की बिल्ला आणि शिरस्त्राण किती काळ एकत्र होते याचा पुरावाच जातो.

मग मी लोहचुंबक आणला. बिल्ला पितळी, चुंबकाला चिकटला नाही. वरची अणी आणि तिची बैठक चटकन चिकटली. दोन्ही लोखंडी, वर करडा मुलामा. अणी हातात धरून पिळली तर खटकन निघाली. इथे कोडं अर्धं सुटलं, कारण पिळून काढता येणारी अणी आणि करड्या लोखंडी पट्ट्या ही १९१५च्या नमुन्याची खूण आहे. पितळ युद्धसामग्रीला हवं होतं, चकाकी शत्रूच्या नजरेत भरत होती, आणि खंदकातून डोकावणारी अणीही. म्हणून त्या वर्षी सगळ्या धातूच्या भागांना करडं लोखंड आलं, बिल्ल्यासकट. करड्या लोखंडी भागांच्या शिरस्त्राणावर पिवळा पितळी गरुड म्हणजे एक वस्तू शांततेतली, एक युद्धातली. दोन्ही अस्सल, पण एकमेकांच्या नाहीत.

त्यानंतर बाजूच्या चकत्या. हनुवटीचा पट्टा जिथे अडकतो तिथे दोन्ही बाजूंना गोल रंगीत चकती असते, तिला कोकार्ड म्हणतात. उजवीकडची काळी-पांढरी-लाल साम्राज्याची. ती १८९७च्या २२ मार्चला आली, सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला, आणि तेव्हापासून राज्याची चकती डावीकडे गेली. त्याआधी एकच चकती असायची, राज्याची, उजवीकडे. त्यामुळे कुणी १८८०चं म्हणून दोन चकत्यांचं शिरस्त्राण दाखवलं तर निदान एक चकती तरी नंतरची आहे असं धरून चालावं. आजींच्या शिरस्त्राणाची डावी चकती धुळीने माखलेली होती. कोरड्या मऊ ब्रशने हळूहळू झटकली तेव्हा खाली काळा, लाल, काळा असा रंग दिसला. प्रशियाची चकती काळी-पांढरी-काळी असते, बव्हेरियाची पांढरी-निळी-पांढरी, सॅक्सनीची पांढरी-हिरवी-पांढरी, बाडेनची पिवळी-लाल-पिवळी. काळी-लाल-काळी व्युर्टेंबर्गची.

चकतीही बदलता येते, हे खरंच. म्हणून मी भोकांकडे वळलो, आणि त्यासाठी आजींची परवानगी घेऊन गरुड काढला. शिपायाच्या बिल्ल्याला मागे दोन कड्या झाळलेल्या असतात. त्या चामड्याच्या भोकांतून आत येतात आणि आतून चामड्याची पाचर ठोकून त्या घट्ट करतात. अधिकाऱ्याच्या बिल्ल्याला कड्यांऐवजी आट्यांचे खिळे असतात, त्यांवर नट बसतात. शिवाय मुलामा सोन्याचा आणि मुकुटाच्या कमानींमधली जागा कापून मोकळी केलेली. या दोन गोष्टी समजल्या की कुणीतरी ‘जनरलचं शिरस्त्राण’ म्हणून आणलेल्या वस्तूला कसं भिडायचं ते कळतं. अर्थात मधलीही एक जात आहे. स्वखर्चाने वर्षभर सेवा करणारे सुशिक्षित तरुण आणि जुने हवालदार स्वतःच्या पैशाने चांगल्या प्रतीचं शिरस्त्राण शिवून घेत, आणि त्यात दोन्हींच्या खुणा मिसळलेल्या सापडतात.

या गरुडाची एक कडी शाबूत होती. दुसरी तुटलेली, आणि तिच्या जागी विजेच्या जोडणीची तांब्याची तार ओवून आत पिळलेली. ही तार पहिल्या महायुद्धातली नव्हे हे सांगायला संग्राहक असावं लागत नाही. तार बाहेर आली ती एका वेड्यावाकड्या, खिळ्याने पाडलेल्या भोकातून. त्याच्या शेजारी, वेगळ्या अंतरावर, दोन नीट पंचने पाडलेली भोकं होती. कडा गुळगुळीत, आतपर्यंत काळ्या पडलेल्या, आणि एकात जुन्या पाचरीचा तुकडा अजून अडकलेला. व्हर्निअरने अंतर घेतलं. गरुडाच्या कड्यांशी ते जुळत नव्हतं.

गरुडाखालचं चामडं बाजूच्या चामड्यापेक्षा जास्त काळं आणि तुकतुकीत होतं, पण त्या काळ्या भागाचा आकार गरुडाचा नव्हता. पंख नव्हतेच. वर मुकुटाएवढा गोल, मध्ये रुंद ढाल, दोन्ही बाजूंना उभ्या आकृतींचे फुगवटे आणि खाली फितीची दोन वळलेली टोकं. उजवीकडच्या आकृतीच्या माथ्यावर हरणाच्या शिंगांची कड ओळखू येत होती. माझ्या गुरुजींनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि इतकंच म्हणाले, “गरुड पाहुणा आहे.”

शिक्का वाचायला मात्र वेळ लागला. मागच्या पाळीच्या आतल्या बाजूला चामड्यात ठसे मारलेले असतात. युद्धाआधीच्या शिरस्त्राणांत पुष्कळदा रेजिमेंटचा क्रमांक, बटालियन आणि वर्ष मिळतं. तो वाचण्यासाठी तेल, पाणी, खडू, काहीही लावायचं नाही. खोली अंधारी करायची आणि टॉर्च पाळीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकायचा. ठशाच्या कडांची सावली पडते आणि अक्षर उठतं. प्रकाशाची दिशा बदलत फोटो काढायचे. एका दिशेने फक्त १९१५ दिसलं. दुसऱ्या दिशेने ‘बी’ आणि ‘ए’, आणि त्यापुढे रोमन तेरा.

बी ए म्हणजे बेक्लायडुंग्सआम्ट, कोरचं कपडे आणि सामानाचं भांडार. तेरावी कोर म्हणजे व्युर्टेंबर्ग. करडं लोखंड, काळी-लाल-काळी चकती, बिल्ल्याची सावली आणि शिक्का, चौघांनीही एकच गोष्ट सांगितली. पण शिक्क्यात रेजिमेंट नव्हती. भांडारातून शिरस्त्राण निघालं ते तेराव्या कोरच्या कुणाकडेही गेलं असेल. कापडी खोळ असती तर काम झालं असतं. १८९२पासून शिरस्त्राणावर खोळ चढवत आणि तिच्या पुढे रेजिमेंटचा क्रमांक लाल रंगात असे, १९१४च्या उन्हाळ्यात तो हिरवा केला; राखीव रेजिमेंट असेल तर वर आर अक्षर. आजींच्या खोक्यात खोळ नव्हती. मी त्यांना सांगितलं, हे शिरस्त्राण व्युर्टेंबर्गचं आहे, १९१५चं आहे, शिपायाचं आहे. १२१चं आहे हे ते स्वतः सांगत नाही.

“मग कोण सांगेल?” आजींनी विचारलं.

इथे व्युर्टेंबर्गचं असणं कामी आलं. प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक कागद पॉट्सडामच्या लष्करी दप्तरखान्यात होते आणि एप्रिल १९४५च्या बॉम्बफेकीत ते जळाले. त्यामुळे प्रशियाच्या शिपायाबाबतीत पुष्कळदा शिरस्त्राणातला शिक्का हाच उरलेला साक्षीदार असतो. तो ठसा पुसणाऱ्या, उजळवणाऱ्या माणसावर मी चिडतो ते यासाठी. व्युर्टेंबर्गची युद्धकाळातली शिपाईनोंद मात्र स्टुटगार्टच्या मुख्य दप्तरखान्यात शाबूत आहे, आणि तिच्या वह्यांची छायाचित्रं आता घरी स्क्रीनवर पाहता येतात. प्रत्येक शिपायाचं नाव, जन्मगाव, धंदा, कुठल्या कंपनीत कधी आला, कुठे जखमी झाला, असे रकाने.

हे सगळं करंट लिपीत आहे. छापील जर्मन सहज वाचणाऱ्याला तिचा एक शब्द लागत नाही. मोडी वाचायला बसलेल्या माणसाला जी बैठक मारावी लागते तीच इथे लागते. ‘ई’ आणि ‘एन’ एकसारखे दिसतात, ‘यू’च्या डोक्यावर छोटी वेलांटी असते म्हणून ते ओळखायचं. आजींच्या शाळेत ही लिपी जेमतेम शिकवली होती, पण त्यांना आडनावाचं वळण माहीत होतं, कारण घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर तीच सही होती. त्यांनी ते पान समोर ठेवलं आणि आम्ही १२१च्या वह्या चाळल्या. नाव सापडेना. पुन्हा चाळल्या. मग मी राखीव रेजिमेंटच्या वह्या उघडल्या.

ते तिथे होते. रिझर्व्ह पायदळ रेजिमेंट क्रमांक १२१. धंदा सुतार, गाव आजींनी सांगितलेलंच, भरती १९१५. घरच्यांची आठवण बरोबर होती, शंभर वर्षांत तिच्यातून ‘रिझर्व्ह’ एवढंच गळून पडलं होतं. नेहमीची १२१ आणि राखीव १२१ या दोन वेगळ्या रेजिमेंट, आणि त्यांचं युद्धही वेगळं. राखीव १२१ ही २६व्या रिझर्व्ह डिव्हिजनमध्ये होती. १ जुलै १९१६ला फ्रान्समध्ये सोम नदीच्या भागात ब्रिटिशांचा हल्ला सुरू झाला तेव्हा ही डिव्हिजन आंक्र नदीच्या दोन्ही अंगांना खंदकात होती. आजींना सोम माहीत होतं. आपल्या घरातलं कुणी तिथे असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

हे काम पसरलं तसे माझ्याकडे लोक दुसऱ्या महायुद्धातली पोलादी शिरस्त्राणंही आणू लागले. ती मी थोडक्यात आटोपतो. त्यांच्यावर बिल्ला नाही, चिकटवलेली चित्रं असतात, आणि चित्र नव्याने चिकटवणं पत्रा ठोकण्यापेक्षा फार सोपं. सैन्याच्या शिरस्त्राणावर डावीकडे गरुड आणि उजवीकडे तिरंगी ढाल असे. ढाल १९४०मध्ये आणि गरुड १९४३मध्ये बंद करण्याचे आदेश निघाले. तेव्हा १९४२च्या नमुन्याच्या, कड न दुमडलेल्या शिरस्त्राणावर ताजी तिरंगी ढाल दिसली की शंका घ्यायची. नाझी चिन्हं सार्वजनिकरीत्या मिरवण्यावर जर्मनीत फौजदारी कलम आहे. ते योग्यच आहे असं मला वाटतं, आणि त्या काळातल्या वस्तू हौस म्हणून जमवणाऱ्यांना मी मदत करत नाही. घरच्या माणसाचा शोध घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आजींच्या शिरस्त्राणाची बातमी बाजारात गेल्यावर एका विक्रेत्याने व्युर्टेंबर्गचा करडा, १९१५चा, अस्सल बिल्ला देऊ केला. अंतर मोजलं तर त्या दोन जुन्या भोकांत तो बरोबर बसत होता. बसवला असता तर शिरस्त्राण पूर्ण दिसलं असतं, किंमत कितीतरी वाढली असती आणि पुढच्या माणसाला काही कळलंही नसतं. हीच गोष्ट नको म्हणून मी आजींना तो बसवू नका असं सांगितलं. संग्राहकांत यावर कडाक्याची भांडणं होतात. योग्य नमुन्याचा जुना बिल्ला बसवणं ही डागडुजी आहे, फसवणूक नाही, असं मानणारे अनेक जण आहेत, आणि त्यांच्यात माझे गुरुजीही आहेत. मला ते पटत नाही. तो बिल्ला कुणा दुसऱ्या शिपायाच्या कपाळावरचा आहे.

आजींनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि बिल्ला परत पाठवला. शिरस्त्राण नातवाकडे गेलं. सोबत आम्ही एक पत्रक टाइप करून ठेवलंय: शिक्क्याचे फोटो, भोकांची मापं, नोंदवहीच्या पानाची प्रत, आणि गरुडाबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद की, हा प्रशियाचा, युद्धापूर्वीचा, अस्सल, या शिरस्त्राणावर नंतर कुणीतरी तारेने बांधलेला. गरुड आणि ती तार एका पाकिटात घालून त्याच खोक्यात ठेवली आहेत.